धक्का नसलेल्या किनाऱ्यासाठी : उतरण-नौका आणि तिचे कार्य

स्मृतिव्याख्यानमालेच्या या पुस्तिकेसाठी लेख मागताना शाळेने मला एवढीच सूचना केली होती, की विषय विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या वाचनात न येणारा असावा, परंतु त्यामागील तत्त्व त्यांना आपल्या शालेय ज्ञानाच्या बळावर उलगडता यावे. त्या सूचनेला अनुसरून मी ‘लँडिंग क्राफ्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बोटींचा विषय घेतला आहे. मराठीत या बोटीला सर्वमान्य नाव नाही. ‘उतरण’ म्हणजे उतार आणि ‘उतरणे’ म्हणजे खाली येणे. या बोटीचे सारे काम उताराच्या किनाऱ्यावर माणसे व माल उतरविण्याचे असल्याने या लेखापुरते तिला ‘उतरण-नौका’ म्हणावे, असे मला सुचवावेसे वाटते.

समुद्रापासून कित्येक कोस दूर असलेल्या इच्छापूरच्या वाचकाला या विषयाशी आपला संबंध काय, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. परंतु बऱ्हाणपूरचा आणि समुद्राचा संबंध फार जुना आहे. मुलताईला उगम पावून बऱ्हाणपूरवरून वाहत येणारी तापी ७२४ किलोमीटरांचा प्रवास करून सुरतेच्या पुढे अरबी समुद्राला मिळते. मोगल काळात सुरत हे पश्चिम किनाऱ्यावरील मोठे बंदर होते आणि सुरतेहून आग्र्याकडे जाणाऱ्या काफिल्यांच्या वाटेवर बऱ्हाणपूर हे महत्त्वाचे ठाणे होते. बऱ्हाणपूरचे कापड याच वाटेने सुरतेस जाई. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ च्या सप्टेंबरात सुरतेजवळ उतरला आणि नोव्हेंबरात बऱ्हाणपुरास पोहोचून शाहजादा परवेझ याच्या दरबारी हजर झाला. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की त्याचे जहाज सुरत शहरापर्यंत आलेच नव्हते. तापीच्या मुखाशी वाळूचे दांडे आणि गाळ असल्याने मोठी जहाजे किनाऱ्यावरील सुवाळीच्या नाळेत नांगर टाकीत, आणि तेथून माणसे व माल लहान होड्यांतून किंवा गाड्यांवरून पुढे नेला जाई.

म्हणजे ज्या बंदरावर आपल्या मुलखाचा व्यापार अवलंबून होता, त्या बंदराची खरी अडचण खोल समुद्राची नव्हती. ती शेवटच्या मैल-दोन मैलांच्या उथळ पाण्याची होती. जहाज जितके मोठे, तितके त्याला खोल पाणी लागते. आणि किनारा तर स्वभावतःच उथळ असतो. जहाज आणि जमीन यांमधील हे अंतर भरून काढण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग किनारा बदलण्याचा : गाळ काढावा, लाटा अडविणारा बांध घालावा, धक्का बांधावा, याऱ्या बसवाव्यात. दुसरा मार्ग बोट बदलण्याचा : किनारा जसा आहे तसाच ठेवून, त्याला टेकू शकेल अशी बोट बांधावी. उतरण-नौका हे या दुसऱ्या मार्गाचे फलित होय.

सपाट तळाचे गणित

उतरण-नौकेची रचना तीन गोष्टींत सांगता येते. तिचा तळ सपाट असतो, तिच्या नाळेशी, म्हणजे पुढच्या तोंडाशी, दारासारखी खाली पडणारी भक्कम फळी असते, आणि तिच्या मागच्या बाजूस एक विशेष नांगर असतो. या तिन्हींचा क्रमाने विचार करू.

सपाट तळाचा लाभ आर्किमिडीजच्या तत्त्वाने स्पष्ट होतो. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतके पाणी बाजूस सारते, हे विद्यार्थ्यांना ठाऊक आहेच. आता २० मीटर लांब व ६ मीटर रुंद अशी पेटीच्या आकाराची एक बोट कल्पावी. तिच्या तळाचे क्षेत्रफळ १२० चौरस मीटर होईल. ही बोट पाण्यात १० सेंटिमीटर अधिक बुडाली, तर ती १२ घनमीटर, म्हणजेच १२ टन पाणी बाजूस सारील. याचा अर्थ असा, की १२ टनांचा भार चढविला तरी ही बोट अवघी वीतभरसुद्धा खाली जाणार नाही. रिकाम्या बोटीचे वजन ६० टन धरले, तर ती मुळात ५० सेंटिमीटर बुडलेली असेल. तिच्यावर प्रत्येकी १८ टनांचे दोन भरलेले ट्रक चढविले, तर आणखी ३० सेंटिमीटर. इंदूर-इच्छापूर रस्त्यावर रात्रंदिवस धावणाऱ्या ट्रकांपैकी दोन ट्रक पोटात घेऊनही ही बोट कमरेइतक्या पाण्यात तरंगत राहील. समुद्राचे खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा किंचित जड असल्याने तेथे ती त्याहूनही थोडी कमी बुडेल.

अर्थात प्रत्यक्षातील बोट सगळीकडे सारखी बुडालेली नसते. ती पुढे कमी आणि मागे अधिक बुडेल अशी तिची बांधणी असते. त्यामुळे तिचा तळ किनाऱ्याच्या उताराशी साधारण समांतर होतो आणि नाळ जमिनीला टेकली तरी मागील पंख्यांना फिरण्यास पुरेसे पाणी राहते. वाळू-दगडांनी पंखे मोडू नयेत म्हणून ते तळातील पन्हळीत बसविलेले असतात.

या गुणाची किंमतही मोजावी लागते. साध्या जहाजाचा तळ खोल व निमुळता असतो, म्हणून ते लाट कापीत जाते आणि वाऱ्याने सहसा बाजूला ढकलले जात नाही. सपाट तळाची बोट लाट कापीत नाही, तिच्यावर आपटते. ती डोलते फार, चालते सावकाश, आणि आडवा वारा तिला सहज वाटेवरून हटवितो. किनाऱ्याजवळच्या उपयोगासाठी खोल समुद्रातील सुख तिने सोडून दिलेले असते. दुसऱ्या महायुद्धात रणगाडे वाहून नेणाऱ्या सुमारे १०० मीटर लांबीच्या ‘एल.एस.टी.’ जहाजांत या अडचणीवर एक नामी तोड काढण्यात आली. अमेरिकी अभियंता जॉन नीडरमायर याने १९४१ साली तयार केलेल्या त्या आराखड्यात जहाजाच्या पोटात पाण्याच्या मोठ्या टाक्या होत्या. महासागर ओलांडताना त्या भरून जहाज जड व स्थिर करावयाचे, आणि किनारा जवळ आला की पंपाने रिकाम्या करून ते हलके करावयाचे. अशा रीतीने हे अवाढव्य जहाज पुढील बाजूस जेमतेम सव्वा मीटर पाण्यात येऊन उभे राहू शकत असे. अशी हजारावर जहाजे त्या युद्धकाळात बांधली गेली.

किनाऱ्याला लागण्याची रीत

बोट किनाऱ्याला लावणे हे पाहणाऱ्यास सोपे वाटते. करणाऱ्यास तसे नसते. तांडेल प्रथम भरती-ओहोटीची वेळ पाहतो. पुळणीकडे येताना तो बोटीचे तोंड किनाऱ्याशी काटकोनात ठेवतो. किनारा अजून काही अंतरावर असतानाच मागचा नांगर पाण्यात सोडला जातो आणि बोट पुढे सरकत असताना त्याचा दोर सैल सोडत नेला जातो. नाळ वाळूला टेकली की इंजिन बंद करावयाचे नसते. ते मंद गतीने पुढे रेटतच ठेवावे लागते, नाहीतर लाट बोटीला फिरविते. मागचा नांगर ताणून धरलेला असल्याने बोटीचे शेपूटही जागेवर राहते. मग फळी खाली पडते आणि वाहने स्वतःच्या चाकांवर बाहेर येतात. यारी नको, हमाल नकोत, धक्का नको.

परत फिरताना नांगराचा दोर चक्राने गुंडाळीत व इंजिन उलटे चालवीत बोट स्वतःला मागे ओढून घेते. माल उतरल्याने ती हलकी झालेली असते, म्हणून सहसा सुटतेही. परंतु ओहोटी लागली असेल आणि तांडेलाने वेळ गमावली असेल, तर पाणी खालून निघून जाते आणि पुढची भरती येईपर्यंत बोट वाळूवर बसून राहते. शांत पाण्यात कधी कधी हे मुद्दामही केले जाते : भरतीला येऊन टेकावयाचे, ओहोटीत कोरड्या वाळूवर सावकाश माल उतरवावयाचा आणि पुढच्या भरतीला निघावयाचे. मात्र खवळलेल्या पाण्यात बोट लाटांना आडवी झाली, तर ती पाण्याने भरून उलटण्याचा धोका असतो. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीमधील फरक चार मीटरांहून अधिक होतो, आणि भांगाच्या दिवसांत तो बराच कमी असतो. हे गणित ज्याला तोंडपाठ नाही, त्याने या बोटीच्या सुकाणूला हात लावू नये.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. धक्का बांधला की किनाऱ्याची पाहणी एकदाच करून भागते, कारण नंतर धक्का आपल्या जागी असतो. धक्का नसेल तर ती पाहणी प्रत्येक वेळी करावी लागते. किनाऱ्यावर जो खर्च वाचला, तो खलाशाच्या ज्ञानाच्या रूपाने भरावा लागतो. या लेखात मला जे मुख्यतः सांगावयाचे आहे ते हेच, आणि पुढील सर्व उदाहरणे त्याचीच साक्ष देतील.

खांदेरीपासून नॉर्मंडीपर्यंत

उथळ पाण्यात चालणाऱ्या बोटींचे महत्त्व मराठी आरमाराने फार पूर्वी ओळखले होते. १६७९ साली शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर किल्ला बांधण्यास घेतला, तेव्हा इंग्रजांनी आपली जहाजे पाठवून बेटाची रसद तोडण्याचा प्रयत्न केला. इंग्रजांची जहाजे मोठी व तोफांनी सज्ज होती, परंतु त्यांना खोल पाणी व वारा लागे. मराठ्यांच्या लहान, वल्ह्यांनी चालणाऱ्या, कमी पाण्यात फिरणाऱ्या होड्या रात्रीच्या वेळी थळच्या बाजूने बेटावर माणसे व सामान पोहोचवीत राहिल्या. अखेर खांदेरी मराठ्यांच्याच हाती राहिली. त्या होड्यांना पुढे पडणारी फळी नव्हती, म्हणून त्यांना आजच्या अर्थाने उतरण-नौका म्हणता येणार नाही. पण किनाऱ्यालगतच्या लढाईत बोटीच्या आकारापेक्षा तिच्या तळाचे महत्त्व अधिक असते, हा धडा तेथे स्पष्ट दिसतो.

फळीचे महत्त्व कळण्यास युरोपला पहिल्या महायुद्धाचा कटू अनुभव घ्यावा लागला. २५ एप्रिल १९१५ रोजी तुर्कस्तानातील गॅलिपोली येथे दोस्त सैन्य उतरले, तेव्हा अनेक सैनिक साध्या उघड्या होड्यांतून किनाऱ्याकडे गेले. होडीच्या कडेवरून एकेकाने पाण्यात उडी मारावयाची आणि समोरून बंदुकांचा मारा व्हावयाचा. ‘रिव्हर क्लाइड’ नावाचे जहाज मुद्दाम किनाऱ्यावर चढविण्यात आले. परंतु त्याच्या अरुंद शिड्यांवरून उतरणारे सैनिक तेथेच मारले गेले. त्याच वर्षीच्या ऑगस्टात सुव्ला येथे इंजिनावर चालणाऱ्या व पुढून फळी पडणाऱ्या बोटी वापरल्या गेल्या. आधुनिक उतरण-नौकेचा आरंभ तेथून मानावयास हरकत नाही.

पुढे १९३७ साली शांघायच्या लढाईत जपान्यांनी नाळेशी फळी असलेल्या बोटी मोठ्या प्रमाणावर वापरल्या. तेथे असलेल्या क्रुलॅक नावाच्या तरुण अमेरिकी अधिकाऱ्याने त्यांची छायाचित्रे काढून मायदेशी पाठविली. इकडे अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स गावी अँड्र्यू हिगिन्स नावाचा एक बोटबांधणारा लुइझियानाच्या दलदलीत फिरणाऱ्या शिकाऱ्यांसाठी व तेल शोधणाऱ्यांसाठी उथळ बोटी बांधीत होता. ओंडक्यांवर चढल्या तरी न फुटणाऱ्या आणि चिखलातून स्वतः मागे सरणाऱ्या त्या बोटी होत्या. १९४१ साली त्याच बोटीला पुढून फळी बसविण्यात आली आणि प्रसिद्ध ‘हिगिन्स बोट’ तयार झाली. सुमारे ११ मीटर लांब, सव्वातीन मीटर रुंद, बव्हंशी प्लायवुडची. तिच्यात ३६ सैनिक किंवा एक जीप व काही सैनिक मावत. पुढील बाजूस तिला जेमतेम ६६ सेंटिमीटर पाणी लागे. अशा २०,००० हून अधिक बोटी बांधल्या गेल्या. दलदलीतील गरजेतून जन्मलेली ही बोट पुढे महायुद्धाच्या निर्णायक साधनांपैकी एक ठरली.

६ जून १९४४ रोजी फ्रान्समधील नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्त सैन्य उतरले, तेव्हा आपल्यासोबत त्यांनी दोन कृत्रिम बंदरेही सुट्या भागांत ओढून आणली होती. बंदराशिवाय एवढ्या सैन्याला रसद पुरविता येणार नाही, अशी त्यांची समजूत होती. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मोठे वादळ झाले आणि अमेरिकी भागातील बंदर उद्ध्वस्त झाले. त्यानंतर त्या भागात माल सरळ पुळणीवरच उतरविला गेला, आणि तो अपेक्षेहून कितीतरी अधिक उतरला. भरतीला जहाज टेकवावयाचे आणि ओहोटीत कोरड्या वाळूवर ट्रक लावून ते रिकामे करावयाचे, ही वर सांगितलेली रीत तेथे रोजची झाली.

महाराष्ट्रातील दोन खुणा

या युद्धाच्या दोन खुणा महाराष्ट्रात आहेत आणि त्या फारशा कोणास ठाऊक नसतात. मुंबईत मालाडजवळ मार्वे येथे नौदलाचे ‘हमला’ नावाचे ठाणे आहे. आज तेथे पुरवठा व हिशेब या शाखेचे शिक्षण दिले जाते. परंतु ‘हमला’ हे नाव मुळात दुसऱ्या महायुद्धात उतरण-नौकांचे शिक्षण देण्यासाठी स्थापन झालेल्या संस्थेचे आहे, आणि म्हणूनच हिशेबाच्या शाळेला असे आक्रमक नाव मिळालेले दिसते.

दुसरी खूण त्याहून नवलाची. पुण्याजवळ खडकवासल्याच्या तलावाकाठी युद्धकाळात सैनिकांना किनाऱ्यावर उतरण्याचे शिक्षण देणारे केंद्र होते. समुद्र डोंगरापलीकडे राहिला, पण तलावाच्या उत्तर काठावर उतरण-जहाजाची एक खोटी प्रतिकृती उभारून सैनिकांकडून सराव करून घेतला जाई. पुढे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी जागा शोधताना तलाव, हवामान व जवळचा विमानतळ यांबरोबर या जुन्या केंद्राचाही विचार झाला. १९४९ साली तेथेच प्रबोधिनीची कोनशिला बसविण्यात आली. समुद्रावरील कसब शिकण्यास समुद्रकाठीच जन्मावे लागत नाही, याचे हे उत्तम उदाहरण आपल्या मुलांनी लक्षात ठेवावे.

एका पुळणीचा धडा

स्वतंत्र भारताच्या नौदलात ‘मगर’ नावाचे उतरण-जहाज १९४९ पासून होते. १९६६ साली ‘घडियाल’ आणि ‘गुलदार’ ही पोलिश बनावटीची जहाजे आली. डिसेंबर १९७१ च्या युद्धात बांगलादेशाच्या दक्षिण टोकाशी असलेल्या कॉक्स बाजारजवळ सैन्य उतरविण्याचे ठरले. सैनिक कलकत्त्याहून व्यापारी जहाजातून निघाले आणि वाटेत समुद्रातच त्यांना उतरण-जहाजांवर घेण्यात आले. यांपैकी बहुतेकांनी अशा कामाचा सराव केलेला नव्हता आणि ज्या पुळणीवर उतरावयाचे तिची नीट पाहणी झालेली नव्हती.

जहाज ज्याला किनारा समजून टेकले, तो किनाऱ्याआधीचा वाळूचा दांडा होता. अशा दांड्यापलीकडे पुष्कळदा खोलगट पाण्याची पन्हळ असते. वरून पाहणाऱ्यास ती दिसत नाही. फळी पडली, पहिले जवान पुढे सरसावले आणि गळ्याच्याही वर असलेल्या पाण्यात सापडले. काही जवान बुडाले. उरलेल्यांना नंतर स्थानिक होड्यांच्या मदतीने किनाऱ्यावर नेण्यात आले. तोवर १६ डिसेंबर उजाडला होता आणि ढाक्यात शत्रूने शरणागती पत्करली होती.

त्या दिवशी जहाजे बिघडली नव्हती आणि जवानांच्या धैर्यात काही उणे नव्हते. उणे होते ते त्या पुळणीचे ज्ञान. दोरीला शिसे बांधून खोली मोजणारा एक माणूस आदल्या रात्री तेथे पोहोचला असता, तर ते जवान वाचते. म्हणून आज कोणतेही सुसज्ज नौदल सैन्य उतरविण्यापूर्वी पुळणीचा उतार, वाळूची घट्टता, दांडे आणि पन्हळी यांची पाहणी करण्यासाठी पाणबुड्यांचे पथक आधी पाठविते. विजयाच्या इतिहासात ही घटना दोन ओळींत संपते. परंतु शिकण्यासारखे तिच्यात पुष्कळ आहे.

शांततेच्या काळातील उपयोग

युद्धे थोडे दिवस चालतात. बेटांवर माणसे मात्र बाराही महिने राहतात. अंदमान-निकोबारमध्ये अनेक वस्त्यांना मोठे बंदर बांधून देणे परवडणारे नाही. तेथे सिमेंट, डिझेल, यंत्रे, वाहने पोहोचविण्यास उतरण-नौकाच सोयीची पडते. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीत निकोबार बेटांवरील धक्के मोडून पडले. धक्क्यावर अवलंबून असलेली जहाजे अशा वेळी दूर उभी राहतात. नौदलाची उतरण-जहाजे मात्र धान्य, पाणी, औषधे आणि यंत्रे घेऊन मोडक्या किनाऱ्यापर्यंत जाऊ शकली आणि परतताना माणसे घेऊन आली. संकटकाळी नेमका धक्काच आधी नाहीसा होतो, ही गोष्ट त्या वेळी साऱ्या देशाने पाहिली.

पुढे २०१७ ते २०२१ या काळात कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीने अशा आठ नव्या नौका नौदलास बांधून दिल्या. प्रत्येक नौका सुमारे ६३ मीटर लांब असून ‘अर्जुन’ किंवा टी-७२ सारखे रणगाडे वाहून नेऊ शकते. त्यांचे मुख्य ठाणे अंदमानातच आहे. त्यापूर्वीच्या पिढीतील काही नौका १९८० च्या दशकात गोव्यातील वास्को येथील गोदीत बांधल्या गेल्या होत्या.

आता कोकणाकडे येऊ. कोकणचा किनारा खाड्यांनी चिरलेला आहे. पलीकडचे गाव डोळ्यांना दिसते, पण गाडीरस्त्याने जावयाचे तर खाडीच्या मुखापासून आत कित्येक कोस जाऊन पूल गाठावा लागतो. पूर्वी आगबोटी किनाऱ्यापासून दूर उभ्या राहत आणि उतारू पडावात बसून किनारा गाठीत. हाताने वल्हविल्या जाणाऱ्या तरीने खाडी ओलांडता येई. परंतु गाडी कशी न्यावयाची? २००३ साली दाभोळ आणि धोपावे यांच्यामध्ये वाशिष्ठीच्या मुखावर वाहने नेणारी फेरीबोट सुरू झाली. स्थानिक लोक तिला ‘जंगलजेटी’ म्हणतात. पुढे सावित्रीवर वेश्वी-बागमांडले, राजपुरीच्या खाडीत आगरदांडा-दिघी, शास्त्रीच्या मुखाशी जयगड-तवसाळ अशा सेवा सुरू झाल्या.

या फेरीबोटी म्हणजे खाडीच्या शांत पाण्यासाठी साधी केलेली उतरण-नौकाच होय. मी दाभोळहून धोपाव्यास गेलो, तेव्हा त्या बोटीवर एक एस.टी.ची गाडी, वाळूचा ट्रक, लग्नाच्या वऱ्हाडाची जीप आणि मासळीच्या टोपल्या घेतलेल्या काही बाया अशी एकत्र मंडळी होती. पलीकडे धक्का असा नव्हताच. सिमेंटचा एक उतार पाण्यात शिरला होता. बोटीने नाळ त्याला टेकविली, फळी खाली आली आणि काही क्षणांत सारी वाहने रस्त्याला लागली. भरती असो वा ओहोटी, तो उतार कोठेतरी पाण्याला भेटतोच. बोट फक्त थोडी वर किंवा थोडी खाली टेकते. पाण्याच्या पातळीचा प्रश्न इतक्या साध्या उपायाने सुटलेला पाहून मला त्या रचनेचे कौतुक वाटले. गोव्यात मांडवीवर दिवाडी, चोडण या बेटांना जोडणाऱ्या सरकारी फेरीबोटीही याच कुळातील आहेत.

याच्या शेजारी मोठ्या ‘रो-रो’ जहाजांचे उदाहरण ठेवून पाहावे. मार्च २०२० मध्ये मुंबईच्या भाऊच्या धक्क्यापासून मांडव्यापर्यंत अशी सेवा सुरू झाली. ती शेकडो उतारू आणि शंभरावर मोटारी नेते, आणि तिचा लाभ मोठा आहे. परंतु त्यासाठी मांडव्यास लाटा अडविणारा बांध आणि तरता धक्का करावा लागला. गुजरातेत घोघा-दहेज सेवा २०१७ साली सुरू झाली. पण नर्मदेच्या मुखाशी गाळ साचून जहाजाला पुरेसे पाणी राहीना आणि २०२० साली ती थांबवावी लागली. त्याच वर्षी नोव्हेंबरात घोघ्याहून तापीच्या मुखाजवळील हजिऱ्यास सेवा सुरू झाली. रस्त्याने सुमारे ३७० किलोमीटर असलेले अंतर समुद्रमार्गे ९० किलोमीटरांवर आले. एका नदीच्या गाळाने सेवा थांबली आणि आपल्या नदीच्या मुखाशी ती नव्याने उभी राहिली, असे म्हणता येईल. मोठे जहाज हवे असेल तर किनारा सांभाळत राहावा लागतो, हे मात्र दोन्हीकडे सारखेच.

म्हणून या दोन मार्गांत श्रेष्ठ-कनिष्ठ ठरविण्यात अर्थ नाही. जेथे वाहतूक मोठी व कायमची आहे, तेथे बंदर किंवा पूलच बांधावा. रेवस-रेडी सागरी महामार्गासाठी कोकणातील खाड्यांवर पूल बांधण्याचे काम हाती घेण्यात आले आहे, आणि ते पूर्ण होत जातील तसे काही फेरीबोटींचे आजचे काम संपेल. त्यात दुःख मानण्याचे कारण नाही. परंतु त्या बोटी आणि त्या चालविणारे खलाशी यांना निरुपयोगी समजून वाऱ्यावर सोडले जाऊ नये, असे मला आग्रहाने सांगावयाचे आहे. पूल तुटतो, रस्ता खचतो, महापुरात धक्का वाहून जातो. अशा दिवशी अन्नधान्य, रुग्णवाहिका किंवा खोदाईचे यंत्र पलीकडे नेण्याचे सामर्थ्य ज्या साधनात आहे, ते प्रत्येक किनारी जिल्ह्याने जपले पाहिजे. बोट गोदीत ठेवता येते; पण खाडीतील दांडे कोठे सरकले, कोणत्या तिथीला किती पाणी येते, हे ज्ञान रोजच्या फेऱ्यांतूनच जिवंत राहते. ते एकदा गेले की नवी बोट विकत आणूनही परत मिळत नाही.

१९८५ साली नौदलात दाखल झालेले दुसरे ‘गुलदार’ जहाज जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाले. २०२५ साली ते महाराष्ट्राच्या पर्यटन महामंडळाकडे देण्यात आले, ते सिंधुदुर्ग जिल्ह्यातील निवतीच्या समुद्रात बुडवून तेथे पाण्याखालील संग्रहालय व माशांसाठी आसरा करण्याच्या योजनेसाठी. जन्मभर किनाऱ्याला टेकून माणसे उतरविणाऱ्या जहाजासाठी ही योजना योग्यच म्हणावी लागेल.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या भागातील वडीलधाऱ्यांना विचारा. पूल होण्यापूर्वी तापीला उतार कोठे मिळे, नाव कोठे लागे, बैलगाडी नावेवर कशी चढवीत, पुरानंतर उताराची जागा का बदले, हे त्यांच्यापैकी काहींना अजून आठवत असेल. नावाडी हातातील बांबूने तळ चाचपीत पुढे जात असे. कॉक्स बाजारच्या पुळणीवर जे कमी पडले, ते हेच चाचपून पाहणे होते. तुमच्यापैकी कोणी पुढे खडकवासल्यास जाईल, कोणी गोदीत अभियंता होईल, कोणी याच रस्त्यावर ट्रक चालवील आणि एखाद्या दिवशी तो ट्रक हजिऱ्याला जहाजावर चढवील. ज्या कामात पडाल तेथे पाऊल टाकण्यापूर्वी तळ मोजण्याची सवय ठेवा. ज्यांच्या स्मरणार्थ ही पुस्तिका निघत आहे, त्या शिक्षकांनीही आपल्या विद्यार्थ्यांना याहून वेगळे काही शिकविले नसेल, अशी माझी श्रद्धा आहे.